तेलाचं की तारेचं

जळकोटच्या फाट्यावर एकतीस वर्षं आमा दोघांचं एक पत्र्याचं शेड व्हतं. अर्ध्यात म्या, कोंडिबा वायरमन. अर्ध्यात जैनोद्दीन जॅकवाला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, डंपर, ज्याला ज्याला उचलायचा जॅक व्हता ते सगळं आमच्याकडं यायचं. जॅक उचलायचा तेलाच्या दाबावर, तेल ढकलायची मोटार तारेवर. तार माझी, तेल त्याचं. जॅक उचलंना झाला की म्या लांबनंच वरडायचो, "तेलाचं हाय जैनू, तुझं गिऱ्हाईक." तो ट्रॉलीखालनं मुंडकं बाहीर न काढता म्हणायचा, "तारेचं हाय कोंड्या, तू बघ." मग सुरू. शंभुलिंगाच्या हाटेलातला चा थंड व्हायचा, गिऱ्हाईक डोक्याला हात लावून बसायचं, आन् आमी आपलं तेलाचं की तारेचं, तेलाचं की तारेचं. दोष माझ्या बाजूला निघाला तरी म्या कबूल करायचो न्हाय. गुपचूप तार जोडायचो आन् वरनं म्हणायचो, "बघ, तेल हाललं म्हणून चाललं." त्यो बी तसलाच. नालायक व्हतो दोघं बी, पण काम चोख व्हतं.

रस्ता रुंद झाला तवा शेड गेलं. म्या घरच्या ओट्यावर पाण्याच्या मोटारी खोलत बसायला लागलो. जैनू दोन वर्षांखाली न्हाणीत घसरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, ते धड जुळलंच न्हाय. तवापासनं खाटेवर. बसता येत न्हाय, कूस बदलायची तर दुसऱ्यानं बदलायची. म्या रोज सकाळी दहाला त्याच्या खाटेपाशी जायचो. बाराला जेवायला घरी. ह्या दोन तासांसाठी म्या बाकीचा दिवस ढकलायचो, खरं सांगायला लाज कसली.

अशात त्याचा पोरगा रिजवान आला. हैदराबादला लेथवर कामाला हाय, आता तळमजल्यावर घर घेतलंय त्यानं. म्हणाला, "काका, अब्बा-अम्मीला घेऊन चाललो. आता तिकडंच." म्या व्हय म्हणलं, चांगलं केलंस म्हणलं, घरी आलो आन् जेवलो न्हाय. सून भाग्यश्रीनं दोनदा ताट वाढलं, दोनदा उचललं.

जैनूनं अँब्युलन्सला साफ नकार दिला. म्हणाला, गावातनं आडवा जाणार न्हाय, लोक मयत समजून टोप्या काढतील. मग रिजवाननं अणदूरच्या मल्लिनाथाकडनं एक कॅम्पर भाड्यानं आणला. म्हंजे चाकावरची खोली. गाडीच्या मागं जोडायची आन् ओढत न्यायची. आत पलंग, बाक, बारकं सिंक, पंखा. चार कोपऱ्यांना चार जॅक. थांबलं की जॅक खाली सोडायचे, मग खोली डुलत न्हाय. निघायचं झालं की बटन दाबून वर घ्यायचे. मल्लिनाथानं जुनापाना घेऊन, रंग मारून नवा केलता. सांगाडा, पाट्या, सगळं काळं कुळकुळीत.

ज्या दिवशी निघायचं त्या दिवशी सकाळी आठलाच रिजवानचा फोन. "काका, जरा या. अब्बांना आत झोपवलंय, सामान भरलंय, आन् काल खाली सोडलेले जॅक आता वर यीनात."

म्या मीटर, पाने, बल्बची वायर पिशवीत टाकली आन् निघालो. खोटं कशाला बोलू, चालताना पाय हलके झालते.

दारात कॅम्पर चार पायांवर उभा. रिजवाननं बटन दाबलं. आत रिले, म्हंजे मोटारीला करंट सोडणारा खटका, वाजला, टक्. पंपाची मोटार गप. पुन्हा दाबलं, टक्. खिडकीतनं जैनूचा आवाज आला, "आला का वायरमन? बघ रे, तारेचं हाय." म्या सवयीनं म्हणलो, "तेलाचं हाय, पडून रहा."

मग खाली बसलो. बॅटरीला मीटर लावला, साडेबारा व्होल्ट. चांगली. फ्यूज शाबूत. पंपाच्या मोटारीच्या जाड तारेला बल्ब लावला, बल्ब लख्ख. नवा पोरगा इथंच फसतो. बल्बाला करंट लागतो चिमूटभर, मोटारीला लागतो पोतंभर. म्हणून बल्ब काढून त्याच जागी मीटर लावला आन् रिजवानला म्हणलं, दाब. दाबलं तसा काटा साडेबारावरनं घसरून चारावर. म्हंजे वाटेत कुठंतरी अडतंय. उलट्या बाजूनं गेलो. काळी तार सांगाड्याला जिथं बोल्टनं आवळली तिथं नखानं खरवडलं. खाली रंगाचा जाड थर. मल्लिनाथाच्या पेंटरनं आधी रंग मारला आन् वरनं अर्थची तार, म्हंजे करंट माघारी न्यायची तार, आवळली. रंगावर अर्थ कसा धरंल? बोल्ट काढायचा, पॉलिश पेपरनं लोखंड पांढरं करायचं, परत आवळायचं. दहा मिनटांचं काम.

पाना माझ्या हातात व्हता. बोल्टावर लावला बी व्हता.

आन् म्या तो काढला. उठलो, हात पुसले आन् रिजवानला म्हणलं, "तारेचं हाय. रिले गेलाय. सोलापूरहून मागवावा लागंल, सांजच्या बसनं येईल."

कसं निघालं तोंडातनं ते मला बी कळलं न्हाय. बाजूला जाऊन कानाला फोन लावून खोटंच बोललो बी. ह्या वयात नाटक. रिजवान बिचारा म्हणाला, "मग सांजच्याला निघू, काय करणार." हातानं फिरवायचा दांडा त्या कॅम्परला न्हवताच, न्हायतर माझं तिथंच पितळ उघडं पडलं असतं. एक दिवस मिळाला मला. दहा वाजून गेलते. म्या आत गेलो आन् जैनूच्या पलंगापाशी बाकावर बसलो.

भाभी, म्हंजे नूरुन्निसा, पायथ्याशी बसलेल्या. घरातली भांडी वाटून झालती, म्हणून शेजारच्या नागूबाईनं चा आणून दिला. आमी प्यालो आन् बोलत बसलो. बोलायला काय तोटा व्हता? जैनू म्हणाला, "तुला बुद्धघोष आठवतो का, अधांतरी?" आन् आमी दोघं बी हासायला लागलो.

झालतं असं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीची ट्रॉली निघायची. लायटिंग माझी, जॅक जैनूचा. एका साली आमी ट्रॉलीवर फळ्यांचा मंच केला, खाली जॅक बसवला. चौकात आलं की मंच वर जायचा आन् गल्लीतल्या बुद्धघोष नावाच्या पोरानं बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालायचा. निळा फेटा, नवा कुर्ता, पोरगं थाटात वर गेलं. हार घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली येताना जॅक अडला. बुद्धघोष वर, आमी दोघं खाली, आन् आमचं सुरू, तेलाचं की तारेचं. अर्धा तास ते पोरगं वर हात जोडून उभं. लोकांना वाटलं लई भक्ती हाय. शेवटी त्यानं वरनं शिवी हासडली तवा आमी भानावर आलो.

"काय व्हतं रं शेवटी?" जैनूनं विचारलं.

"तेल," म्या म्हणलं.

"तार व्हती. म्या बघितलं व्हतं तुला जोडताना."

भाभी म्हणाल्या, "अजून तेच का तुमचं?" पण त्या बी हासत व्हत्या.

मग सास्तूर निघालं. ते निघतंच. त्र्याण्णवला भूकंप झाला तवा आमी दोघं ट्रॉलीचे जॅक घेऊन गेलतो. दगडमातीची घरं, वर माळवदाच्या तुळया, सगळं बसलेलं. जैनू तुळईखाली जॅक लावायचा आन् बोटबोट उचलायचा, म्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर दिवा धरायचो. लक्ष्मम्मा नावाची म्हातारी जित्ती निघाली, आन् निघाल्या निघाल्या तिनं आपली शेळी कुठंय ते विचारलं. बाकीचं आमी बोलत न्हाय. तीन दिवस, आन् तिथं आमी एकदा बी भांडलो न्हाय. तेल बी चाललं, तार बी चालली. जैनू म्हणाला, "तसली माणसं न्हवतो रं आपण, कोंड्या. पण तिथं झालो."

मला वाटलं ह्यो दिवस संपूच नये. हे म्या आता सांगतो, तवा तोंडातनं काढलं न्हाय.

बारा वाजले. रोज म्या ह्या टायमाला उठतो. आज उठलो न्हाय, म्हणून जे दोन वर्षांत बघितलं न्हवतं ते बघितलं. भाभी उठल्या. एका हातानं कंबर धरली, दुसऱ्या हातानं भिंत. लुगड्यावरनं कमरेला रुंद पट्टा आवळलेला. त्या पलंगावर एक गुडघा टेकून वाकल्या, जैनूच्या पाठीखाली दोन्ही हात घातले आन् दम धरून त्याची कूस बदलली. जैनू धिप्पाड गडी, झिजून झिजून बी सत्तर किलोच्या वर हाय. भाभींचं तोंड पांढरं पडलं, ओठ दाताखाली. म्या उठलो तर म्हणाल्या, "नको भाईजान, तुमी धरलं तर त्यांना दुखतं. मला सवय हाय."

"किती वेळा करता हे?"

"दर दोन तासाला. न्हायतर पाठ सडते."

दर दोन तासाला. म्या यायच्या आधी त्यांनी एकदा केलेलं असायचं, गेल्यावर परत. मधले दोन तास म्या मजेत बसायचो, चा प्यायचो, गप्पा मारायचो. आन् त्या दोन तासांसाठी आज ह्या बाईचे हाल म्या खोटं बोलून वाढवले व्हते. माझं तोंडच उतरलं.

भाभी जेवण आणायला नागूबाईकडं गेल्या. रिजवान गाडीत झोपलेला. जैनू छताकडं बघत म्हणाला, "कोंड्या, रिले गेला म्हणालास न्हवं?"

"व्हय."

"गेलेला रिले टक् वाजत न्हाय."

म्या पिशवीतला मीटर उगाच चाचपला.

"ते जाऊ दे. ते मला नंतर सुचलं. आधी कशानं कळलं सांगू? तू म्हणालास तारेचं हाय. कुणी पुसायच्या आत. एकतीस वर्षांत तुझ्या तोंडातनं ते कदी निघालं न्हाय, पाय तुटंस्तोवर मार खाल्ला असतास तरी निघालं नसतं. आज आपण होऊन म्हणालास. म्या तवाच ओळखलं, ह्यो लबाडी करतोय."

माझ्या डोळ्याला पाणी आलं. म्या म्हणलं, "अर्थ धरंना. रंगावर आवळलाय. दहा मिनटांचं काम हाय."

"मला बी जायचं न्हाय," जैनू म्हणाला. त्यानं माझं मनगट धरलं. "तिथं माझं कोण हाय? रिजवान रातचा कामाला जाणार. सून रुकसाना चांगली हाय, पण ती पोरांच्या मागं. म्या भिताडाकडं बघत मरायचं. कोंड्या, तू थांब म्हण. तू म्हणलास तर म्या रिजवानला सांगतो, न्हाय येत म्हणून. तुझ्या एका शब्दावर थांबतो. म्हण."

एवढंच तर मला पायजे व्हतं. सकाळपासनं तेवढ्यासाठीच बसलो व्हतो. शब्द जिभेवर आला व्हता, म्हणायचंच बाकी व्हतं.

म्या विचारलं, "तिकडं कूस कोण बदलणार?"

"रिजवान. रातपाळी घेतलीय म्हणं, दिवसा तो, रातच्याला रुकसाना. आन् दवाखान्यातली खाट आणलीय, दांडा फिरवला की वर व्हती. का?"

"काय न्हाय," म्या म्हणलं. मनगट सोडवून घेतलं आन् खाली उतरलो.

बोल्ट काढला. लोखंड घासून पांढरं केलं. तार आवळली, वरनं ग्रीस लावलं. रिजवानला उठवलं आन् म्हणलं, "रिले आपल्याच पिशवीत जुना सापडला." पोरगं खूश. बटन दाबलं. मोटार फिरली, जोरात, आन् जॅक जागचे हालले न्हायत.

आता मात्र मला खरंच घाम फुटला. सकाळी लबाडी केली आन् आता खरीच अडली. मीटर बघितला, बारा व्होल्ट, तार एकदम ठीक. माझी बाजू संपली व्हती. रिजवान म्हणाला, "काका, काय झालं?" काय सांगू? म्या खिडकीपाशी गेलो.

"जैनू, ऐक जरा," म्हणलं, आन् परत बटन दाबायला लावलं.

जैनूनं डोळे मिटले. मोटारीचा आवाज येत व्हता, बारीक, किरकिरा. त्याचं तोंड बघता बघता बदललं. खाटेवरचा म्हातारा गेला आन् शेडातला जॅकवाला आला. "बंद करा," तो म्हणाला. "पंप तहानलाय. तेल पोचत न्हाय त्याला. टाकीत तेल हाय का?"

"काठोकाठ."

"मग आत जाळी असंल, ती तुंबलीय. झाकण काढ. जाळी वर घे. अलगद, मोडशील, तुझे हात मला ठाऊक हायत."

झाकण काढलं आन् जाळी वर घेतली तर ती पिवळी. जर्द पिवळा लगदा, तेलात कालवलेला. म्या वास घेतला. हळद. रिजवाननं कपाळाला हात लावला. म्हणाला, "काल मल्लिनाथनं माझ्यासमोरच नवीन तेल भरलं. मग म्हणाला, गाडी पहिल्यांदाच लांब चाललीय, आन् खंडोबाचा भंडारा उधळला. मूठ मूठ. झाकण उघडंच व्हतं काका."

म्या जाळी खिडकीतनं जैनूला दाखवली. त्यो हासायला लागला. खुब्याला कळ लागत व्हती तरी हासत व्हता. म्हणाला, "चाळीस वर्षं तेल बघतोय. माती बघितली, पाणी बघितलं, एकदा उंदीर निघाला. देव पहिल्यांदाच निघाला."

मग तीन-चार तास आमी काम केलं. तो आत पडून सांगणार, म्या बाहीर करणार. टाकी रिकामी कर. डिझेलनं धू. जाळी फुंकून बघ, उजेड दिसतो का. रिजवान फाट्यावरनं ट्रॅक्टरचं तेल घेऊन आला. नळीचा नट सैल कर, हवा निघू दे, फेस थांबला की आवळ. "थांबला का? खोटं सांगू नको." "थांबला." मधी दोन वाजता आन् चार वाजता भाभींनी कूस बदलली, तेवढं तो गप बसला. माझ्या हातून पाना पडला तर त्यानं मला शेडातल्यासारखी शिवी दिली. लई बरं वाटलं. एवढं चांगलं काम आमी कदी केलं नसंल, सास्तूर सोडून.

पाचला बटन माझ्या हातात. पुढचे दोन जॅक सरसर वर आले. मागचा डावा आला. उजवा राहिला, जैनूच्या उशाखालचा. म्या बोट बटनावर ठेवलं.

खिडकीतनं तो हळूच, रिजवानला ऐकू जाणार न्हाय असं म्हणाला. "कोंड्या, अजून बी म्हण."

म्या बटन दाबलं. जॅक वर गेला आन् खोली चाकांवर बसली. जैनूनं तोंड भिताडाकडं केलं. माझ्यावर रुसला तो. निरोपाचं एक अक्षर बोलला न्हाय, आन् म्या काय समजावणार? त्याला भाभींच्या कमरेचं सांगितलं असतं तर त्यो त्यांच्याकडं नजर वर करून बघू शकला नसता.

रिजवान माझ्या पाया पडला आन् गाडीत बसला. भाभी दारात व्हत्या, दार लावायला. त्यांनी खाली वाकून, जैनूला ऐकू जाणार न्हाय असं विचारलं, "भाईजान, ते तुमाला थांब म्हण म्हणत व्हते. म्या नागूबाईकडनं येताना ऐकलं. तुमी म्हणला असता तर म्या बी थांबले असते. एक शब्द काढला नसता."

"ठाऊक हाय भाभी," म्या म्हणलं. "म्हणून तर म्हणलो न्हाय."

त्यांनी पदर डोळ्याला लावला आन् दार ओढून घेतलं. गाडी सुरू झाली, कॅम्पर गल्लीतनं हळूहळू निघाला, फाट्यावर गेला आन् उमरग्याच्या बाजूला वळला. म्या तिथंच रस्त्यात खाली बसलो आन् पोटभर रडलो. नागूबाई पाणी घेऊन आली, तिनं काय झालं ते विचारलं न्हाय.